लॅपटॉपऐवजी टॅबलेट चालेल का? पुण्यातल्या व्यावसायिकांसाठी खरेदीआधीची तपासणी

मेल, मीटिंग, पीडीएफ, बँकेची कामं, वर्ड-एक्सेलमधल्या किरकोळ दुरुस्त्या हे सगळं टॅबलेटवर होतं, आणि चांगलं होतं. म्हणून पहिले आठ दिवस काहीच अडत नाही. अडतं ते महिन्यातून एकदा येणारं काम: कंपनीच्या जीएसटी रिटर्नवरची डिजिटल सही, मॅक्रो (बटण दाबलं की ठरलेल्या पायऱ्या आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) घातलेली शीट, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला जुना करारनामा, फक्त यूएसबी केबलवर चालणारा प्रिंटर. नेमकं तेच काम मुदतीचं असतं, आणि ते अडलं की नवा टॅबलेट कपाटात जातो.

तेव्हा कोणता टॅबलेट चांगला हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी आपलं अडणारं काम कोणतं ते शोधा, त्याला वाट निघते का पाहा, आणि मगच दुकानात जा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं दिल्या आहेत.

पहिली पायरी: महिन्याभराच्या कामांची यादी

आठवणीतून यादी करू नका. रोजची कामं आठवतात, क्वचितची निसटतात. लॅपटॉपच उघडा आणि चार ठिकाणी पाहा. एक, इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी. दोन, डाउनलोड आणि डॉक्युमेंट या फोल्डरांमधल्या फाइली ‘प्रकार’ या रकान्यानुसार लावून. तीन, ब्राउझरच्या इतिहासातली गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरकारी संकेतस्थळं. चार, लॅपटॉपच्या यूएसबीत काय काय खोचलं जातं: डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, स्कॅनर, सॉफ्टवेअर चालू करणारं डाँगल, बाहेरची हार्ड डिस्क.

फाइलींच्या शेवटी येणारी अक्षरं बरंच सांगून जातात. डीओसीएक्स, एक्सएलएसएक्स, पीडीएफ, जेपीजी असेल तर चिंता नाही. एक्सएलएसएम म्हणजे मॅक्रो असलेली एक्सेल. डीडब्ल्यूजी म्हणजे ऑटोकॅड. सीडीआर म्हणजे कोरलड्रॉ. अप्पा बळवंत चौकातल्या छपाईवाल्यांशी काम असणाऱ्यांकडे ही हमखास सापडते. पीएमडी म्हणजे जुना पेजमेकर. यांतली एकही फाइल तुम्ही स्वतः उघडून दुरुस्त करत असाल तर तिच्यापुढे लाल खूण करा. फक्त बघायची असेल तर पिवळी. यूएसबीत काही खोचावं लागणारी आणि फक्त संगणकावरच्या प्रोग्रॅमवर होणारी कामंही लाल.

दुसरी पायरी: लाल खुणांचा निकाल

डिजिटल सही, म्हणजे डीएससी. पुण्यातले सीए, कंपनी सेक्रेटरी, कंत्राटदार आणि छोट्या कंपन्यांचे संचालक यांच्यासाठी सगळ्यात मोठा अडथळा हाच आहे. यूएसबी टोकन ओटीजी केबलनं टॅबलेटला जोडता येतं, पण पोर्टलला ते दिसत नाही. कारण सही करताना ब्राउझर आणि टोकन यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्रॅम लागतो (जीएसटीच्या बाबतीत एमसाइनर), आणि तो संगणकासाठीच बनवलेला असतो. आयपॅड किंवा अँड्रॉइडवर तो बसत नाही. ‘डेस्कटॉप साइट’ हा पर्याय निवडून काही फरक पडत नाही. त्यानं फक्त पानाची मांडणी बदलते.

सुटका कोणाची होते? एकल मालकी किंवा भागीदारीचा धंदा असेल तर जीएसटी रिटर्न ओटीपीवर, म्हणजे ईव्हीसीनं भरता येतं. कंपनी आणि एलएलपी यांना डीएससी लागतेच. लेखापरीक्षणाचे अहवाल प्राप्तिकराच्या पोर्टलवर चढवणाऱ्या सीएंनाही ती लागते. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या पोर्टलवर निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराला तर पर्यायच नाही. यांपैकी काहीही तुमच्या यादीत असेल तर ऑफिसात किंवा घरी एक विंडोज संगणक हवाच, मग तो जुना का असेना. त्याच्याशी टॅबलेट कसा जोडायचा ते सहाव्या पायरीत आहे.

टीडीएस रिटर्न भरणाऱ्यांसाठीही हेच. रिटर्न तयार करायची आरपीयू आणि फाइल तपासायची एफव्हीयू ही दोन्ही साधनं संगणकावरच्या ‘जावा’ या प्रोग्रॅमवर चालतात. टॅबलेटवर ती चालत नाहीत.

टॅली. टॅलीप्राइम विंडोजचा प्रोग्रॅम आहे. अहवाल पाहण्यापुरती सोय ब्राउझरमधून होते, पण व्हाउचर नोंदवायची तर टॅली क्लाउड सर्व्हरवर ठेवून किंवा ऑफिसच्या संगणकाला दुरून जोडून. इथे एक बारकी गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. टॅली एफ-कळांवर पळते: एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. टॅबलेटच्या बऱ्याच कव्हर-कीबोर्डांना एफ-कळांची ओळच नसते. कीबोर्ड घेताना ती ओळ आहे का हे मोजून पाहा, नाहीतर प्रत्येक व्हाउचरला बोट पडद्यावर न्यावं लागेल आणि दिवसाला शंभर नोंदी करणाऱ्याचा हात तासाभरात दुखेल.

एक्सेल. टॅबलेटवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत, आयपॅडवर नाहीत आणि अँड्रॉइडवरही नाहीत. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्येही चालत नाहीत. फाइल उघडते, आकडे दिसतात, बटण दाबलं की काहीच घडत नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यांमधले उत्पादन अहवाल आणि कित्येक ऑफिसांमधल्या पगाराच्या शीट अशाच मॅक्रोवर उभ्या असतात. गूगल शीट वापरणाऱ्यांनी एवढं तपासावं की ॲप्स स्क्रिप्टनं बनवलेले खास मेनू शीटच्या मोबाइल ॲपमध्ये दिसत नाहीत.

खर्चाचाही एक मुद्दा आहे. मायक्रोसॉफ्टच्या नियमानुसार पडदा १०.१ इंचांपर्यंत असेल तर ऑफिस ॲपमध्ये साधी दुरुस्ती फुकट करता येते. त्याहून मोठ्या पडद्यावर दुरुस्तीसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरावी लागते. आज कामाचे म्हणून विकले जाणारे टॅबलेट ११ ते १३ इंचांचे असतात. म्हणजे वर्गणी धरूनच हिशेब करा. ऑफिसनं आधीच दिली असेल तर प्रश्न मिटला.

वर्डमध्ये मजकूर लिहिणं, टिपणं टाकणं, बदल मान्य-अमान्य करणं ठीक चालतं. मेल मर्ज नाही. एकाच नमुन्याची दोनशे पत्रं काढणाऱ्या सोसायटीच्या सचिवांनी याची नोंद घ्यावी.

मराठी मजकूर. श्रीलिपी पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकची, तसंच दुसरं सॉफ्टवेअर आयएसएम सी-डॅकचं. त्यामुळे इथल्या वकिलांच्या, छापखान्यांच्या, संस्थांच्या संगणकांवर युनिकोडपूर्वीच्या (युनिकोड म्हणजे आज सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची पद्धत) फॉन्टमधल्या फाइलींचे ढीग आहेत. टॅबलेटवर अशी फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टशिवाय ती वाचता येत नाही इतकंच. फक्त वाचायच्या असतील त्या फाइली लॅपटॉपवरच पीडीएफ करून ठेवा, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधला जातो. पुन्हा वापरायच्या असतील त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदललेली प्रत मूळ प्रतीशी ताडून वाचा. रफार, ऱ्य आणि आकडे इथे चुका होतात. मिळकतीच्या दस्तात क्षेत्रफळाचा एक आकडा चुकला तर काय होतं ते सांगायला नको. हे काम लॅपटॉप हाताशी आहे तोवरच उरका.

ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कॅटिया. यांत ड्रॉइंग करणाऱ्यांनी टॅबलेटचा विचार सोडावा. ऑटोकॅडची मोबाइल आणि वेब आवृत्ती आहे, साइटवर मापं पाहायला आणि खुणा करायला ती उपयोगी पडते; त्यापुढे नाही. पानांची मांडणी करणाऱ्यांसाठी इनडिझाइनचं टॅबलेटचं ॲप नाही. फोटो आणि व्हिडिओवाल्यांची स्थिती मात्र बरी आहे. आयपॅडवर फोटोशॉप २०१९ पासून, दा विंची रिझॉल्व्ह २०२२ पासून आणि फायनल कट प्रो २०२३ पासून आहे.

प्रोग्रॅमिंग. कोड टॅबलेटवर चालवायचा नसून दूरच्या मशीनवर चालवायचा, हे मान्य असेल तर जमतं. गिटहब कोडस्पेसेस या ब्राउझरमधून वापरायच्या दूरच्या मशीनच्या सेवेत वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट मिळतात, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर ६० तास. शिकणाऱ्याला पुरतील, पूर्णवेळ नोकरीला नाहीत. तसंही हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या बहुतेक आयटी कंपन्या स्वतःचाच लॅपटॉप देतात आणि ग्राहकाच्या ओडीसीत (त्याच्याच कामासाठी राखीव विभागात) खासगी यंत्र नेऊ देत नाहीत. टॅबलेटवर ऑफिसचं मेल जोडण्याआधी आयटी विभागाला दोन प्रश्न लेखी विचारा: खासगी यंत्राला परवानगी आहे का, आणि असल्यास कोणतं व्यवस्थापन ॲप टाकावं लागेल? त्या ॲपमुळे ऑफिसच्या मेलमधला मजकूर बाहेर कॉपी होत नाही, आणि नोकरी सोडली की कंपनी आपला डेटा दुरूनच पुसते. ते टाकायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण माहीत असून ठरवा.

प्रिंटर. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० अजून शेकडो ऑफिसांत ठणठणीत चालू आहेत. दोन्ही यूएसबीचे आणि संगणकातल्या ड्रायव्हरवर अवलंबून. टॅबलेट त्यांच्यावर छापू शकत नाही. वाय-फाय प्रिंटर घ्यायचा तर आयपॅडसाठी एअरप्रिंट आणि अँड्रॉइडसाठी मोप्रिया हे शब्द खोक्यावर शोधा. महिन्याला दहा-वीसच पानं लागत असतील तर पीडीएफ करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काढणं स्वस्त पडतं. आधार, पॅन असली कागदपत्रं मात्र त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. पेनड्राइव्हनं द्या आणि त्याच्या संगणकावर उतरवलेली प्रत तिथेच पुसायला लावा.

तिसरी पायरी: पैसे न घालवता चाचणी

टॅबलेट विकत न घेताही बरंच कळतं, कारण टॅबलेटवरचं एक्सेल आणि तुमच्या फोनवरचं एक्सेल एकाच कुळातलं असतं. जी शीट फोनवर अडते ती टॅबलेटवरही अडणार. यादीतल्या सगळ्यात अवजड पाच फाइली फोनवर उघडा. पडदा लहान म्हणून होणारा त्रास सोडून द्या. बटणं चालतात का, सूत्रं नीट दिसतात का, फॉन्ट टिकतो का, एवढंच पाहा. सरकारी आणि बँकेच्या संकेतस्थळांवर फोनच्या क्रोममधून ‘डेस्कटॉप साइट’ निवडून एक व्यवहार शेवटपर्यंत न्या. पॉप-अप खिडक्या अडवल्या जातात आणि पावती उतरत नाही, ही नेहमीची तक्रार इथेच समजते.

सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस मालिकेतला फोन असेल तर आणखी सोपं. तो मॉनिटरला जोडला की डेक्स सुरू होतं, म्हणजे खिडक्या आणि माउस असलेला डेस्कटॉप. गॅलॅक्सी टॅब एस मालिकेवर काम करताना साधारण हाच अनुभव येतो.

मग पंधरा दिवस लॅपटॉप कपाटात ठेवा आणि फोन किंवा कुणाचा तरी मागून आणलेला टॅबलेट, ब्लूटूथ कीबोर्ड यांवर काम करा. हे पंधरा दिवस हवे तसे निवडू नका. त्यांत ७ तारीख, ११ तारीख किंवा २० तारीख यायला हवी. टीडीएस भरायची मुदत ७ ला असते, दरमहा भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ११ ला आणि जीएसटीआर-३बी २० ला. हिशेबाशी संबंध नसेल तर तुमच्या कामातली सगळ्यात धावपळीची तारीख घ्या. लॅपटॉप काढावाच लागला तर कारण कागदावर लिहा. पंधरा दिवसांत एकाच कारणासाठी तीनदा काढला असेल, तर तेच तुमचं अडणारं काम.

चौथी पायरी: कोणत्या जातीचा टॅबलेट

जाती तीन. आयपॅड, अँड्रॉइड आणि विंडोज.

आयपॅडला माउस-ट्रॅकपॅडचा पूर्ण आधार मार्च २०२० मध्ये मिळाला आणि २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये संगणकासारख्या हलत्या-बदलत्या खिडक्या आल्या. खरेदी करताना मात्र मॉडेलांमधला फरक नीट पाहा. साधा आयपॅड मॉनिटरला जोडला तर जे आयपॅडवर दिसतं तेच मॉनिटरवर दिसतं. मॉनिटर वेगळा दुसरा पडदा म्हणून वापरायचा तर एम मालिकेची चिप असलेला आयपॅड एअर किंवा प्रो लागतो. साध्या आयपॅडचं टाइप-सी पोर्टही यूएसबी २ च्या वेगाचं आहे, मोठे व्हिडिओ बाहेर काढताना ते जाणवतं. आणखी एक: फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. बँकेसाठी मिळकतीचं मूल्यांकन करणाऱ्यांना आणि साइटवरून अक्षांश-रेखांशासह फोटो पाठवणाऱ्या अभियंत्यांना सिमवालाच आयपॅड घ्यावा लागेल. बाकीच्यांनी सिमवाल्या मॉडेलचे जादा पैसे वाचवावेत. फोनचा हॉटस्पॉट पुरतो.

अँड्रॉइडमध्ये स्वस्त टॅबलेटचा मोह टाळा. कामासाठी ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण यांच्या खाली जाऊ नका. टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतं का हे आधी विचारा, कारण बऱ्याच स्वस्त टॅबलेटमध्ये ते फक्त चार्जिंग आणि फाइलींपुरतं असतं. एचडीएमआय हब जोडला तरी मॉनिटर काळाच राहतो. दुकानदाराच्या ‘चालतंय की’ वर जाऊ नका, हब सोबत नेऊन जोडून पाहा. सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार हेही विचारा. बँकेची ॲप जुन्या अँड्रॉइडवर पुढे बंद पडतात.

विंडोज टॅबलेट, म्हणजे सरफेस प्रो आणि त्याच्यासारखे. शरीर टॅबलेटचं आणि आत पूर्ण विंडोज. टॅली, मॅक्रो, श्रीलिपी, डीएससी ज्यांना सुटणार नाही आणि तरीही हलकं यंत्र हवंय, त्यांच्यासाठी हीच जात. पण प्रोसेसर पाहा. इंटेलचा असेल तर बिनधास्त. स्नॅपड्रॅगनचा असेल तर इंटेलसाठी लिहिलेले बहुतेक साधे प्रोग्रॅम भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत. ते आर्म, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्या जातीच्या प्रोसेसरवरच्या विंडोजसाठी वेगळे बनवावे लागतात. टोकन, जुना प्रिंटर, डाँगल या तिन्हींची खात्री त्या त्या कंपनीकडून करून घेतल्याशिवाय स्नॅपड्रॅगन घेऊ नका.

पाचवी पायरी: जोडसामान आणि खरा खर्च

नुसत्या टॅबलेटची किंमत फसवी असते. साधा आयपॅड (ए१६) २०२५ मध्ये ३४,९०० रुपयांना आला, आणि त्याचा ॲपलचाच कीबोर्ड फोलिओ २४,९०० ला. बेरीज ५९,८००. त्यावर पेन, हब, ऑफिसची वर्गणी. एवढ्या पैशांत नवा चांगला लॅपटॉप येतो. दुसऱ्या कंपनीचा ब्लूटूथ कीबोर्ड घेऊन ही बेरीज बरीच खाली आणता येते, पण तो मांडीवर ठेवून काम होत नाही, टेबल लागतं.

वजनाचंही तसंच. ११ इंची टॅबलेट अर्ध्या किलोच्या आसपास असतो. १३ इंची आयपॅडला ट्रॅकपॅडवाला मॅजिक कीबोर्ड लावला की तो १३ इंची मॅकबुक एअरच्या १.२४ किलोपर्यंत पोहोचतो. वजन कमी करणं हाच हेतू असेल तर ११ इंचच घ्या.

हब घेताना त्यात चार्जिंगसाठी वेगळं टाइप-सी तोंड असलेला घ्या. टॅबलेटला एकच पोर्ट असतं. हब त्यात गेला की चार्जर लावायला जागा उरत नाही, आणि मॉनिटर चालवताना बॅटरी लवकर उतरते. हबच्या चार्जिंगचा दुसरा फायदा म्हणजे बाहेरच्या हार्ड डिस्कला पुरेशी वीज मिळते. डिस्क जोडली पण दिसत नाही, टकटक आवाज येतोय, याचं कारण बहुधा अपुरी वीज हेच असतं. पेनड्राइव्ह आणि डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, म्हणजे आयपॅड, चालू काळातले अँड्रॉइड टॅबलेट आणि विंडोज तिन्हीकडे चालेल. विंडोजची नेहमीची एनटीएफएस टॅबलेटवर भरवशाची नाही. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं. आधी प्रत काढा.

हब, केबल, कव्हर या वस्तू डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये स्वस्त मिळतात, कव्हर तिथून जरूर घ्या. चार्जर आणि हब मात्र बिल आणि वॉरंटी देणाऱ्याकडूनच घ्यावेत. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालायला सांगा. टॅबलेटवरच्या १८ टक्के कराचं क्रेडिट त्याशिवाय मिळत नाही.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी दुकानातली चाचणी वेगळी. पडद्यावरच्या जीबोर्डमध्ये रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटतं, म्हणून बाहेरच्या कीबोर्डवरही तसंच होईल असं धरू नका. कीबोर्ड जोडा, मराठी मांडणी निवडा आणि हे शब्द उमटवा: तऱ्हा, वाऱ्यावर, ज्ञानेश्वर, ॲड., कर्तृत्व, ₹. एखादा शब्द होत नसेल तर तिथेच मांडणी बदलून पाहा. विंडोज टॅबलेटवर ही अडचण कमी, २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे.

सहावी पायरी: घरच्या संगणकाला दुरून जोडणं

बहुतेक व्यावसायिकांचा प्रश्न इथेच सुटतो. लाल खुणांची कामं करणारा जुना विंडोज संगणक घरी किंवा ऑफिसात, आणि पिशवीत टॅबलेट.

सोपा मार्ग क्रोम रिमोट डेस्कटॉपचा. संगणकावर क्रोममध्ये त्याचं पान उघडा, गूगल खात्यानं लॉग-इन करा, रिमोट ॲक्सेस सुरू करून दिलेला प्रोग्रॅम बसवा, संगणकाला नाव द्या आणि किमान सहा आकडी पिन ठेवा. टॅबलेटवर त्याच खात्यानं शिरलं की संगणक दिसतो. गूगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावलीच पाहिजे, कारण ते खातं म्हणजे आता तुमच्या ऑफिसची किल्ली आहे.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप जास्त गुळगुळीत चालतं, पण त्याला संगणकावर विंडोज प्रो लागतं. होम आवृत्तीत ही सोय नाही. राउटरमध्ये ३३८९ हे पोर्ट उघडून ते थेट इंटरनेटवर आणू नका, चोर तेच धुंडाळत असतात. टेलस्केलसारखं व्हीपीएन (दोन यंत्रांमधली खासगी जोडणी) दोन्हीकडे टाका आणि त्यातून जोडा. घरगुती फायबर जोडणीला बहुधा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतोच, त्यामुळे पोर्ट उघडून तसाही उपयोग होत नाही.

डीएससीवाल्यांनी हे नीट वाचावं. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधून शिरल्यावर त्या संगणकाला लावलेलं टोकन दिसत नाही, कारण ही सोय स्मार्ट कार्ड (टोकन त्याच जातीचं) दुरून जोडणी करणाऱ्याच्या यंत्रात, म्हणजे तुमच्या टॅबलेटमध्ये शोधते. ‘टोकन सापडत नाही’ म्हणून ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा एनीडेस्कमधून शिरा, तिथे संगणकाचा प्रत्यक्ष पडदाच समोर असतो आणि टोकन दिसतं. टोकन कायम लावून मात्र ठेवू नका. सहीच्या वेळी ऑफिसातल्या भरवशाच्या माणसाला लावायला सांगा, काम झालं की काढून कुलपात.

संगणकाच्या सेटिंगमध्ये झोप आणि हायबरनेट बंद करा, पडदा बंद झाला तर चालेल. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार बहुधा गुरुवार असतो. वीज गेली की संगणक बंद पडतो आणि परत आल्यावर आपोआप सुरू होत नाही. तुम्ही तोवर बाणेरला ग्राहकासमोर बसलेले असता. त्यासाठी डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर चालू व्हायचा पर्याय असतो, तो लावून ठेवा. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर निदान जोडणी टिकते.

सातवी पायरी: रोजच्या कामाची घडी

मीटिंगमध्ये पडदा दाखवताना टॅबलेट बहुधा अख्खा पडदाच दाखवतो, एखादीच खिडकी नाही. येणारे मेसेजही सगळ्यांना दिसतात. मीटिंगआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावायची सवय करा. कॅमेरा आडव्या कडेवर असलेलं मॉडेल घ्या. उभ्या कडेवर असेल तर तुम्ही सतत दुसरीकडे बघताय असं समोरच्याला वाटतं.

फाइली टॅबलेटमध्ये न ठेवता वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या फाइली आदल्या रात्री ‘ऑफलाइन’ म्हणून खूण करून उतरवा. कोर्टाच्या इमारतींत आणि बेसमेंटच्या साइटवर नेट दगा देतं.

वकिलांना टॅबलेटचा फायदा सगळ्यात जास्त, असं आमचं स्पष्ट मत आहे. शिवाजीनगर न्यायालयात चार मजले चढ-उतार करताना पाच प्रकरणांचे गठ्ठे वागवण्याऐवजी प्रत्येक प्रकरणाची एक पीडीएफ असावी. दावा, कैफियत, पुरावे, आदेश अशा क्रमानं पानं जोडा, प्रत्येक भागाला बुकमार्क द्या आणि पानांवर सलग क्रमांक टाका. स्कॅन करताना ३०० डीपीआय ठेवा आणि ओसीआर (चित्रातली अक्षरं शोधता येण्याजोगी करणं) करून घ्या, म्हणजे उलटतपासणीत नाव टाइप करून पान सापडतं. पेननं केलेल्या खुणा मूळ फाइलीत न ठेवता प्रतीवर करा. खुणांसहित पीडीएफ विरुद्ध बाजूला मेल झाली की ती परत घेता येत नाही.

साइट अभियंते, विमा आणि म्युच्युअल फंडवाले, शिक्षक, रुग्णाचे अहवाल पाहणारे डॉक्टर यांनाही लॅपटॉपची आठवण क्वचितच येते. साइटवर न्यायचा तर रबरी कडा असलेलं जाड कव्हर घ्या, आणि दुचाकीवर नेताना तो पाठीच्या बाजूच्या कप्प्यात सपाट ठेवा. पिळला गेला की काच फुटते, आणि काच बदलणं स्वस्त नाही.

आठवी पायरी: लॅपटॉप कधी काढायचा

टॅबलेट आला त्या आठवड्यात लॅपटॉप विकू नका. एक पूर्ण तिमाही जाऊ द्या, म्हणजे तिमाही टीडीएस रिटर्नसह सगळी नियतकालिक कामं एकदा तरी होऊन जातात. हिशेबाच्या क्षेत्रात असाल तर मार्चअखेर आणि लेखापरीक्षणाचे महिने पार पडेपर्यंत थांबा.

काढायचा ठरला की क्रम पाळा. टॅलीचं लायसन्स त्या लॅपटॉपवरून आधी सरेंडर करा. तसं न करता फॉरमॅट केलं तर दुसऱ्या मशीनवर ते चालू करताना अडचण येते. ऑटोडेस्क, ॲडोबी यांच्या खात्यांतून साइन-आउट करा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गूगल किंवा ॲपल खात्यात गेले आहेत का ते टॅबलेटवर उघडून पाहा. श्रीलिपी किंवा इतर डाँगलवाल्या सॉफ्टवेअरची सीडी, क्रमांक आणि डाँगल एका पाकिटात ठेवून वर नाव लिहा. डेस्कटॉपवर सुट्या पडलेल्या फाइली लोक हमखास विसरतात, त्या वेगळ्या डिस्कवर घ्या. त्यानंतर विंडोजच्या ‘रीसेट’ मध्ये ‘सगळं काढा’ निवडून, ‘ड्राइव्ह साफ करा’ हा पर्याय चालू ठेवून पुसा. त्याला काही तास लागतात, म्हणून रात्री चार्जरला लावून सुरू करा, आणि गुरुवारची आदली रात्र टाळा.